मुलांचा चित्रकार : रँडॉल्फ कॅल्डेकॉट

बँकेतील कायमची नोकरी सोडून यापुढे आपण चित्रे काढून पोट भरणार, असे घरातील कमावत्या मुलाने सांगितले, तर त्या रात्री त्या घरात कोणाला जेवण गोड लागेल असे वाटत नाही. आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबे कचेरीच्या आणि बँकेच्या पगारावरच उभी राहिली आहेत. तेव्हा अशा मुलाच्या आईबापांच्या मनाची अवस्था येथे विस्ताराने वर्णन करण्याचे कारण नाही. १८७२ साली इंग्लंडातील एका सव्वीस वर्षांच्या कारकुनाने हेच केले, आणि पुढे मुलांच्या पुस्तकांतील चित्रकार म्हणून जगभर नाव मिळविले. रँडॉल्फ कॅल्डेकॉट हे त्याचे नाव. त्याने नोकरी सोडली हे पुष्कळांना ठाऊक असते. ती सोडण्यापूर्वी त्याने काय काय केले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

त्याचा जन्म २२ मार्च १८४६ रोजी चेस्टर या जुन्या तटबंदीच्या शहरात झाला. वडील जॉन कॅल्डेकॉट हे हिशेबनीस. त्यांची दोन लग्ने झाली व एकंदर तेरा अपत्ये झाली. रँडॉल्फ हा पहिल्या पत्नीचा तिसरा मुलगा. लहानपणीच त्याला संधिवाताच्या ज्वराने गाठले आणि त्या दुखण्याने त्याचे काळीज कायमचे अधू करून ठेवले. शाळेत तो हुशार होता. परंतु त्याचा खरा जीव रमे तो प्राण्यांची चित्रे काढण्यात आणि लाकडाचे व मातीचे प्राणी घडविण्यात. वडिलांना हा नाद पसंत नव्हता. एवढ्या मोठ्या प्रपंचाचा भार वाहणाऱ्या गृहस्थाला तो पसंत पडला नाही, याबद्दल त्यांना दोष देणे मला तरी योग्य वाटत नाही. पंधराव्या वर्षी, १८६१ मध्ये, मुलगा श्रॉपशायर परगण्यातील व्हिटचर्च या गावी बँकेत चिकटला.

व्हिटचर्चची ही सहा वर्षे वाया गेली असे म्हणणारा फसेल. गाव लहान, भोवती शेते आणि कुरणे. रँडॉल्फ गावाबाहेर एका खेड्यात राहत असे. बँकेच्या कामासाठी आसपासच्या खातेदारांकडे जावे लागे. सुटीच्या वेळी तो मासे धरी, गुरांच्या बाजारात भटके, घोड्यावर बसून कोल्ह्याच्या शिकारीत सामील होई. घोडा उधळला म्हणजे त्याचे कान कसे होतात, बुजला म्हणजे तो अंग कसे चोरतो, जाडजूड शेतकरी खोगिरावर कसा बसतो, हे सारे त्याच्या डोळ्यांत साठत गेले. त्याच १८६१ साली चेस्टरच्या रेल्वे हॉटेलला मोठी आग लागली होती. त्या प्रसंगाचे त्याने काढलेले चित्र लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापून आले, आणि पंधरा वर्षांच्या कारकुनाला आपला हात छापखान्यापर्यंत पोहोचू शकतो हे कळले.

१८६७ साली तो मँचेस्टरच्या एका मोठ्या बँकेत गेला. दिवसा खातेवह्या आणि रात्री कलाशाळेचे वर्ग, असा क्रम सुरू झाला. बँकेच्या पावत्यांच्या पाठी आणि जुनी पाकिटे त्याच्या चित्रांनी भरून जात, अशी आठवण त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितली आहे. १८६९ साली मँचेस्टरच्या प्रदर्शनात त्याचे चित्र लागले, स्थानिक पत्रांत रेखाटने येऊ लागली. पुढील वर्षी तो लंडनला जाऊन टॉमस आर्मस्ट्राँग या चित्रकाराला भेटला. त्याच्या द्वारे हेन्री ब्लॅकबर्न या संपादकाशी परिचय झाला, आणि १८७१ पासून लंडनच्या मासिकात त्याची चित्रे छापली जाऊ लागली. म्हणजे राजीनामा लिहिण्यापूर्वी त्याच्या हाती काम होते, दोन-चार जाणत्यांचा स्नेह होता, आणि पाच वर्षांचे रात्रीचे शिक्षण होते. उडी त्याने मारली खरी, पण खाली पाणी किती आहे ते काठी घालून पाहून मगच मारली.

१८७२ साली त्याने बँक सोडली. ब्रिटिश म्यूझियमसमोर ग्रेट रसेल स्ट्रीटवर त्याने बिऱ्हाड केले, आणि आपल्याला सारे येते असे न मानता पुन्हा विद्यार्थी झाला. स्लेड कलाशाळेत गेला. पक्ष्यांच्या देहरचनेचा अभ्यास केला. फ्रान्समधून परागंदा होऊन आलेल्या दालू या शिल्पकाराकडून मातीकाम शिकला व मोबदल्यात त्याला इंग्रजीचे धडे दिले. वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या नाताळविषयक जुन्या लेखांचे पुस्तक त्याच्या शंभरावर चित्रांसह १८७५ च्या अखेरीस निघाले, तेव्हा त्याचे नाव झाले.

मुलांच्या पुस्तकांकडे तो वळला तो एडमंड एव्हान्स या मुद्रकामुळे. एव्हान्स हा लाकडी ठशांवरून रंगीत छपाई करणारा त्या काळचा श्रेष्ठ कारागीर. मुलांची स्वस्त पुस्तके ओबडधोबड असलीच पाहिजेत, हे त्याला मान्य नव्हते. १८७७ साली त्याने कॅल्डेकॉटकडे दोन पुस्तकांची मागणी केली. येथे बँकेतील माणूस दिसतो. ठरावीक रक्कम घेऊन मोकळे होण्याऐवजी कॅल्डेकॉटने विक्रीवरील वाटा पत्करला. पुस्तके खपली तर पैसे, न खपली तर काही नाही. १८७८ च्या नाताळात रूटलेज कंपनीने ती दोन पुस्तके एकेक शिलिंगाला विक्रीस काढली. पहिल्या खेपेला दहा हजार प्रती छापलेल्या या मालेच्या प्रती पुढे लाखाच्या हिशेबाने निघू लागल्या. तेव्हापासून १८८५ पर्यंत, दर वर्षी दोन, अशी एकंदर सोळा पुस्तके झाली.

छपाईची रीत सांगण्याजोगी आहे. कॅल्डेकॉट साध्या कागदावर शाईने रेखाटन करी. छायाचित्राच्या साहाय्याने ते लाकडावर उतरवून कारागीर कोरीत. त्याचा तपकिरी शाईतील नमुना चित्रकाराकडे परत येई, तो त्यावर रंग भरी, आणि मग एकेका रंगासाठी वेगळा ठसा कोरला जाई. एक ठसा केसभर सरकला की चेहरा बिघडलाच.

पण त्याची खरी करामत रंगात नाही. रेषेत आणि कल्पनेत आहे. थोडक्या रेषांत तो पुष्कळ सांगे. बडबडगीतात जे शब्द आहेत तेवढेच चित्रात दाखवायचे, ही तेव्हाची रीत. कॅल्डेकॉट शब्द संपल्यावरही गोष्ट चालू ठेवी. बशी चमच्याबरोबर पळून गेली, एवढ्यावर एक इंग्रजी गाणे संपते. त्याच्या पुस्तकात पुढचे पान उलटावे, तो बशीचे तुकडे जमिनीवर पडलेले, आणि काटा-सुरी हे चमच्याचे आईबाप मुलीला दंडाला धरून घरी नेत आहेत! दुसऱ्या एका गाण्यात बापाने आणलेले सशाचे कातडे लेकराला पांघरायला मिळते. कॅल्डेकॉटच्या शेवटच्या चित्रात ते लांब कानांचे लेकरू टेकडीवरील जिवंत सशांकडे टक लावून पाहत आहे. गाण्यात याविषयी एक अक्षर नाही. पोर हसते, आणि वाचून दाखविणारी आई क्षणभर थांबते. शब्द आणि चित्र यांनी मिळून गोष्ट सांगायची, या आजच्या चित्रपुस्तकाचा आरंभ मॉरिस सेंडॅक या थोर अमेरिकन चित्रकाराने कॅल्डेकॉटपासूनच मानला आहे.

१८८० साली त्याचा मेरियन ब्रिंड हिच्याशी विवाह झाला. त्यांना मूल झाले नाही. लाखो घरांतील मुलांना हसविणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात ते हसणे नव्हते. प्रकृती ढासळत होती, हिवाळा सोसवत नव्हता. १८८५ च्या अखेरीस पतीपत्नी अमेरिकेस निघाली. तेथील जीवनाची चित्रे एका लंडनच्या पत्रासाठी काढावी आणि फ्लॉरिडाच्या उबेत राहावे असा बेत होता. पण त्या वर्षी तेथेही विलक्षण थंडी पडली. फेब्रुवारी १८८६ मध्ये सेंट ऑगस्टीन येथे त्याचा अंत झाला. चाळिसावे वर्ष पुरे व्हायला महिना-सव्वा महिना उरला होता. बँकेत राहिला असता तर जास्त जगला असता, असे कोणी म्हणेल. पण ते दुखणे बालपणीचे होते, खातेवहीने ते बरे केले नसते.

१९३८ पासून अमेरिकेतील ग्रंथपालांची संस्था तेथील सर्वोत्तम बालचित्रपुस्तकाच्या चित्रकाराला दर वर्षी कॅल्डेकॉट पदक देते. पदकाच्या एका बाजूस गाण्यातील ते पक्वान्न आणि त्यातील चोवीस काळे पक्षी आहेत. दुसऱ्या बाजूस १८७८ च्या पुस्तकातील जॉन गिल्पिन हा कापडव्यापारी उधळलेल्या घोड्यावर जीव मुठीत धरून बसला आहे, भोवती बदके आणि कुत्री पळत आहेत. घोड्याची ती चाल कॅल्डेकॉट व्हिटचर्चला बँकेत असताना शिकला होता.