कांचेंतील समुद्र : फिलिप हेन्री गॉस यांचें चरित्र

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेंतील दोन विद्यार्थी कोंकणांतून परत आले, ते एक कांचेची बरणी सांभाळीत आले. बरणींत समुद्राचें पाणी होतें, आणि त्यांत एक समुद्रफूल, दोन शंखांतले जीव व एक चिमुकला खेकडा असा संसार मांडिलेला होता. विज्ञानाच्या खोलींत ती बरणी आम्हीं मोठ्या कौतुकानें ठेवविली. पहिल्या दिवशीं समुद्रफुलानें आपले तंतु पसरिले, तेव्हां तें पाहण्यास सारी शाळा लोटली. तिसऱ्या दिवशीं पाणी गढूळ झालें, चौथ्या दिवशीं दुर्गंधि सुटली, आणि पांचव्या दिवशीं ती बरणी बागेच्या कोपऱ्यांत रिकामी करावी लागली. समुद्राचें जें पाणी ह्या जीवांस किनाऱ्यावर जगवितें, तेंच बरणींत त्यांस कां मारितें, असा प्रश्न त्या मुलांपैकीं एकानें आम्हांस विचारिला. त्या वेळीं आम्हांस समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं. पुढें वाचन करितां असें आढळून आलें कीं, हाच प्रश्न एका इंग्रज गृहस्थांनीं दीडशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं हातीं घेतला होता, आणि त्याचा पाठपुरावा करितां करितां त्यांस यशही लाभलें व पश्चात्तापही. त्यांचेंच चरित्र येथें वाचकांपुढें ठेवितों.

फिलिप हेन्री गॉस यांचा जन्म इंग्लंडांतील वूस्टर शहरीं ६ एप्रिल १८१० रोजीं झाला. त्यांचे वडील टॉमस गॉस हे गांवोगांव हिंडून लहान आकाराचीं व्यक्तिचित्रें काढीत व त्यावर कसाबसा चरितार्थ चालवीत. मुलाचें बालपण पूल नांवाच्या बंदरांत गेलें. चित्रें काढणारा हात त्यांस वडिलांकडून मिळाला. सागरी जीवांची गोडी मात्र त्यांच्या आत्याबाईंनीं लाविली. ह्या बाईंचे चिरंजीव टॉमस बेल पुढें प्राणिशास्त्रज्ञ म्हणून नांवारूपास आले. खडकावरून आणिलेलीं समुद्रफुलें भांड्यांत समुद्राचें पाणी घालून जिवंत ठेवून पाहावींत, ही कल्पना आत्याबाईंनींच लहानग्या गॉस यांस सुचविली. बालपणीं पेरिलेलें हें बीज तीस वर्षें मातीखालीं दबून राहिलें.

घरची गरिबी असल्यामुळें शिक्षण लवकरच सुटलें. वयाच्या सतराव्या वर्षीं, म्हणजे १८२७ सालीं, ते न्यूफाउंडलंड बेटावरील कार्बोनिअर येथें एका व्यापारी पेढींत कारकून म्हणून गेले. कारकुनी करीत असतां १८३२ सालीं सूक्ष्मदर्शकावरील एक जुनें पुस्तक त्यांच्या हातीं लागलें, आणि त्या दिवसापासून त्यांच्या आयुष्यास वळण मिळालें. ते किडे जमवूं लागले व प्रत्येकाचें चित्र आणि टांचण ठेवूं लागले. पुढें १८३५ सालीं कॅनडांत त्यांनीं शेती करून पाहिली, ती बुडाली. १८३८ सालीं अमेरिकेंतील अ‍ॅलाबामा प्रांतांत कांहीं महिने शाळामास्तरकी केली. तेथील गुलामगिरीचे प्रकार पाहून त्यांचें मन विटलें व ते स्वदेशीं परतले. कॅनडांतील निरीक्षणांवर त्यांनीं लिहिलेलें पुस्तक १८४० सालीं प्रसिद्ध झालें. त्यानंतर जमेका बेटावर सुमारें दीड वर्ष राहून तेथील पक्ष्यांचा त्यांनीं अभ्यास केला. १८४८ सालीं एमिली बोज नांवाच्या विदुषीशीं त्यांचा विवाह झाला, आणि पुढील वर्षीं त्यांस एडमंड हा एकुलता एक पुत्र झाला.

लंडनमध्यें अहोरात्र लेखन व सूक्ष्मदर्शकाचें काम केल्यानें त्यांची प्रकृति ढासळली. हवापालट करण्याकरितां १८५२ च्या आरंभीं ते कुटुंबासह डेव्हनच्या समुद्रकिनारीं गेले. तेथें ओहोटीच्या वेळीं खडकांच्या खळग्यांत साठलेल्या पाण्यांत वांकून पाहतां त्यांस पूलचें बालपण आठवलें असेल, तर नवल नाहीं. ते हातोडी व छिनी घेऊन खडकाचा तुकडा त्यावरील वनस्पतीसह अलगद सुटा करीत, आणि समुद्रफुलें व इवलीं एकाकी पोवळीं घरीं आणून बशांत व बरण्यांत ठेवीत. आतां त्यांच्यापुढें प्रश्न उभा राहिला तो आमच्या विद्यार्थ्याचाच: हें जग कांचेंत टिकावें कसें?

ह्या कामीं गॉस हे पहिलेच होते असें नाहीं. अ‍ॅना थिन नांवाच्या बाईंनीं १८४६ सालीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून पोवळीं लंडनला नेऊन तीं दीर्घकाळ जगविलीं होतीं. पाण्यांत हवा मिसळावी म्हणून त्यांची दासी तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत वारंवार ओतीत बसे. रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञांनीं १८५० सालीं असें दाखविलें कीं, गोड्या पाण्यांत मासे, पाणवनस्पति व गोगलगाई योग्य प्रमाणांत ठेविल्यास पाणी न बदलतांही तीं जगतात. वनस्पति प्राण्यांस प्राणवायु पुरविते, आणि प्राणी जें टाकितात त्यावर वनस्पति पोसते. हाच समतोल खाऱ्या पाण्यांतही साधतो, हें गॉस यांनीं स्वतःच्या प्रयोगांनीं पडताळून पाहिलें, आणि मुख्य म्हणजे तें सामान्य माणसास समजेल अशा भाषेंत सांगितलें.

त्यांनीं घालून दिलेले नियम साधे होते व त्यांस पैसा फार लागत नसे. प्रथम पात्रांत पाणी भरावें व खडकाच्या तुकड्यास चिकटलेलीं हिरवीं आणि तांबडीं समुद्रशैवालें ठेवावींत. प्राणी मागाहून, पाणी स्वच्छ राहतें अशी खात्री झाल्यावर सोडावे. पात्रांत दाटी करूं नये. मेलेला जीव दिसतांच काढून टाकावा. कडक ऊन पडूं देऊं नये. कांचेवर चढणारें शेवाळ खरवडून खाण्यासाठीं कांहीं गोगलगाई ठेवाव्या. पाणी आटतें तेव्हां केवळ पाणीच उडून जातें, मीठ मागें राहतें. यास्तव पात्रावर खूण करून ठेवावी आणि जेवढें आटेल तेवढें गोडें पाणी घालावें. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनीं समुद्राचें पाणी कोठून आणावें? ह्यावरही त्यांनीं स्वस्त तोड काढिली. १८५४ सालीं त्यांनीं कृत्रिम समुद्रजल तयार करण्याची कृति प्रसिद्ध केली. साडेतीन औंस साधें मीठ, पाव औंस एप्सम सॉल्ट, दोनशें ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड व चाळीस ग्रेन पोटॅशियम क्लोराइड, हीं चार द्रव्यें एक गॅलनाहून किंचित् कमी पाण्यांत विरघळवावयाचीं, एवढीच ती कृति होती. अशा पाण्यांत प्राणी व वनस्पति कित्येक आठवडे जगल्या. ह्या कृतींत चुन्याचा अंश नव्हता. पोवळ्यांस आपला सांगाडा बांधण्यास चुना लागतो, म्हणून आजच्या प्रवाळटाकीस ती पुरी पडणार नाहीं. तथापि समुद्र घरच्या तराजूनें तोलतां येतो, हें लोकांस त्यावरून कळलें.

लंडन येथील रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत १८५३ च्या मे महिन्यांत मत्स्यगृह उघडण्यांत आलें. तें जगांतील पहिलें सार्वजनिक मत्स्यालय होय. त्यासाठीं गॉस यांनींही वेमथच्या किनाऱ्यावर हिंडून प्राणी जमविले. १८५४ सालीं अ‍ॅक्वेरियम ह्या विषयावरील त्यांचा ग्रंथ बाहेर पडला. त्यांतील रंगीत चित्रें त्यांनीं स्वतः काढिलेलीं होतीं. ग्रंथास असा खप लाभला कीं, जन्मभर ओढगस्त सोसलेल्या ह्या लेखकास त्यापासून नऊशें पौंडांहून अधिक नफा झाला. पुढील वर्षीं त्यांनीं नवशिक्यांसाठीं एक लहानसें पुस्तक लिहिलें, आणि इल्फ्रकोम येथें स्त्रीपुरुषांचा वर्ग किनाऱ्यावर नेऊन प्रत्यक्ष शिकविण्यास आरंभ केला. १८५६ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस आपले सभासद करून घेतलें.

येथवरची कथा ऐकून वाचकांस वाटेल कीं, हें एका यशस्वी पुरुषाचें चरित्र आहे. परंतु खरी गोष्ट येथूनच पुढें आहे. इंग्लंडांत कांचेवरील कर १८४५ सालीं उठला होता, त्यामुळें कांच स्वस्त झाली होती. आगगाडी किनाऱ्यापर्यंत पोहोंचत होती. आणि गॉस यांच्या पुस्तकांनीं लोकांस समुद्राचें वेड लाविलें. दिवाणखान्यांतून कांचेच्या टाक्या झळकूं लागल्या. लोकांनीं टाकी घेतली, छिनी घेतली, टोपली घेतली; घेतला नाहीं तो फक्त धीर. दाटी करूं नये हा नियम विसरून ते टोपल्या भरभरून जीव नेत, ते चार दिवसांत मरत, आणि मग नवीन जीव आणण्यास पुन्हां किनारा गांठीत. शतकानुशतकें ज्यांस कोणाचा हात लागला नव्हता असे डेव्हनचे ते सुंदर खळगे कांहीं वर्षांतच उजाड झाले. पुत्र एडमंड यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत हें सारें लिहून ठेविलें आहे. ज्या किनाऱ्यावर आपण प्रेम केलें त्याच्या नाशास आपलींच पुस्तकें निमित्त झालीं, हें शल्य त्यांच्या वडिलांच्या मनास फार बोंचत असे.

त्याच सुमारास दुसरीं दुःखेंही कोसळलीं. १८५७ च्या फेब्रुवारींत एमिलीबाई कर्करोगानें वारल्या. त्याच वर्षीं गॉस यांनीं भूगर्भशास्त्र व सृष्ट्युत्पत्तीची पवित्र शास्त्रांतील कथा यांचा मेळ घालण्यासाठीं एक ग्रंथ लिहिला. पृथ्वी निर्माण झाली तीच जुनाटपणाच्या खुणांसह, असें त्यांचें प्रतिपादन होतें. शास्त्रज्ञांस तें पटलें नाहीं, आणि धर्मनिष्ठांसही रुचलें नाहीं. गॉस हे प्लिमथ ब्रदरन पंथाचे निष्ठावंत अनुयायी होते. दोन्ही बाजूंनीं झालेली ही अवहेलना त्यांस जिव्हारीं लागली. ते लंडन सोडून डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथें कायमचे जाऊन राहिले. तेथें त्यांनीं काम मात्र सोडिलें नाहीं. ब्रिटनमधील समुद्रफुलें व पोवळीं यांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ १८५८ पासून १८६० पर्यंत भागशः प्रसिद्ध झाला, आणि तो पुढें दीर्घकाळ प्रमाण मानिला गेला. अ‍ॅना थिन यांनीं पोवळ्यांच्या वाढीविषयीं केलेलीं निरीक्षणें १८५९ सालीं छापून आलीं, तीं गॉस यांच्याच टिपांसह. १८६० सालीं त्यांनीं एलायझा ब्राइटवेन यांच्याशीं दुसरा विवाह केला, आणि २३ ऑगस्ट १८८८ रोजीं सेंट मेरीचर्च येथेंच त्यांचा अंत झाला.

गॉस यांस एक गोष्ट ठाऊक नव्हती, ती त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, १८९० च्या सुमारास, विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञानें उलगडली. प्राण्यांच्या मलमूत्रांतून अमोनिया हें विष निर्माण होतें. कांहीं सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करितात व दुसरे त्याचें तुलनेनें निरुपद्रवी असें नायट्रेट करितात. हे जंतु दगडाच्या छिद्राछिद्रांत वस्ती करितात, आणि नव्या टाकींत ती वस्ती वाढण्यास कित्येक आठवडे लागतात. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर हेंच. समुद्रांत घाण साफ करणारे असंख्य आहेत. त्याच्या बरणींत घाण करणारे चार होते आणि साफ करणारे जवळजवळ कोणीच नव्हते. प्राणी आधीं सोडूं नयेत हा गॉस यांचा नियम कारण न कळतांही बरोबर होता. १९६१ सालीं जाकार्ता येथील ली चिन एंग यांनीं समुद्रांतील सजीव खडक टाकींत ठेवून व नुसते हवेचे बुडबुडे सोडून पोवळीं जगविल्याचें प्रसिद्ध केलें, तेव्हां तोच जुना समतोलाचा मार्ग पुन्हां उजेडांत आला.

म्हणून ज्या विद्यार्थ्यास थोड्या खर्चांत लहानशी प्रवाळटाकी करावयाची असेल, त्यानें पहिला पैसा प्राण्यांवर खर्चूं नये. साधी कांचेची टाकी, चुनखडीचे सच्छिद्र सुके दगड, पाणी फिरविणारा लहान पंप, आणि तयार मिळणारें समुद्री मीठ दर लिटरास सुमारें पस्तीस ग्रॅम ह्या मानानें, एवढें आरंभास पुरे. बाकीचें भांडवल म्हणजे वाट पाहणें, आणि तें फुकट आहे. अमोनिया व नायट्राइट दिसेनासे झाल्यावर प्रथम गोगलगाई, मग माणसानें टाकींतच वाढविलेले एक-दोन जीव, एवढ्यावरच समाधान मानावें. समुद्रांतून मात्र कांहींएक उचलूं नये. आपल्या मालवणच्या किनाऱ्यालगतही पोवळीं आहेत, आणि समुद्रांतील पोवळ्यांस २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचें पूर्ण छत्र लाभलें आहे. कायदा नसता तरीही गॉस यांचा पश्चात्ताप आपणांस पुरेसा इशारा होता.

आमच्या विज्ञानाच्या खोलींत सध्यां एक टाकी आहे. तींत खारें पाणी व दगड आहेत, आणि जंतूंस खाद्य म्हणून अधूनमधून आम्ही माशांच्या अन्नाची चिमूट टाकितों. तीन आठवडे झाले. अद्याप तींत एकही प्राणी नाहीं. बरणी आणणारे ते दोघे विद्यार्थी रोज मधल्या सुट्टींत येतात, पाण्याची परीक्षा करितात, आणि आंकडा वहींत लिहून ठेवितात. प्राणी कधीं येणार, असें पहिल्या आठवड्यांत ते रोज विचारीत. आतां विचारीत नाहींत. आंकडा पाहतात, आणि पेन खिशांत ठेवून वर्गांत परत जातात.