एकटा खासदार १९ जणांना भारी: जेम्स बायर्ड यांच्या कोऱ्या चिठ्ठीने अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ठरला

बहुमत काठावर असलं की एकेका अपक्ष आमदाराचा भाव कसा वधारतो, हे आपण महाराष्ट्रात पाहिलंय. पण एका खासदाराच्या हातात थेट राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल आला तर? १८०१ मध्ये अमेरिकेत हेच झालं. त्या खासदाराचं नाव जेम्स बायर्ड.

१७६७ मध्ये फिलाडेल्फियात जन्मलेले बायर्ड पेशाने वकील. १७९७ मध्ये डेलावेअर या छोट्याशा राज्यातून ते प्रतिनिधीगृहात गेले. पक्ष फेडरलिस्ट, पण त्या पक्षातले ते मवाळ.

१८०० च्या निवडणुकीत फेडरलिस्टांचे जॉन ॲडम्स हरले. पण जिंकलं कोण, हेच ठरेना. तेव्हा प्रत्येक इलेक्टरला दोन मतं असायची. पहिला येईल तो राष्ट्राध्यक्ष, दुसरा उपराष्ट्राध्यक्ष. थॉमस जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे ॲरन बर, दोघांनाही ७३ मतं पडली.

मग निर्णय प्रतिनिधीगृहाकडे गेला. तिथे १६ राज्यं, प्रत्येकाला एकच मत आणि जिंकायला ९ मतं हवीत. व्हर्जिनियाचे १९ खासदार मिळून एक मत. डेलावेअरचा खासदार मात्र एकच, त्यामुळे बायर्ड यांचं वजन या १९ जणांएवढं!

जेफरसन नकोत म्हणून फेडरलिस्ट बर यांच्यामागे उभे राहिले. बायर्डही त्यांच्यातच होते. ११ फेब्रुवारीला मतदान सुरू झालं. एक-दोन नाही, तब्बल ३५ फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक वेळी निकाल तोच: जेफरसन ८, बर ६, दोन राज्यं अधांतरी.

४ मार्चला ॲडम्स यांची मुदत संपणार होती. तोवर निकाल लागला नसता, तर देशाला राष्ट्राध्यक्षच उरला नसता. ते टाळण्यासाठी बायर्ड यांनी माघार घेतली. १७ फेब्रुवारीला ३६ व्या फेरीत त्यांनी कोरी चिठ्ठी टाकली. इतर काही फेडरलिस्टही बाजूला झाले आणि जेफरसन १० राज्यांसह जिंकले.

आता प्रश्न येतो सौद्याचा. मध्यस्थामार्फत जेफरसन यांच्याकडून काही आश्वासनं मिळाली होती, असं बायर्ड यांनी १८०६ मध्ये शपथेवर सांगितलं. जेफरसन यांनी ते नाकारलं. एक गोष्ट मात्र नक्की. ॲडम्स यांनी जाता जाता देऊ केलेलं फ्रान्समधलं राजदूतपद बायर्ड यांनी घेतलं नाही. ते पद टिकवणं नव्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती होतं आणि लोकांनी त्याला मताची किंमत म्हटलं असतं.

असा पेच पुन्हा पडू नये म्हणून १८०४ मध्ये घटनादुरुस्ती झाली आणि दोन्ही पदांसाठी वेगळं मतदान सुरू झालं. बायर्ड पुढे सिनेटर झाले. १८१४ मध्ये ब्रिटनशी गेंटचा तह करणाऱ्या शिष्टमंडळातही ते होते. १८१५ मध्ये मायदेशी परतल्यावर काही दिवसांतच त्यांचं निधन झालं.

बायर्ड यांना ही ताकद ना पक्षाने दिली होती, ना लोकप्रियतेने. ती आकड्यांनी दिली होती. काठावरच्या सभागृहात मधल्या माणसाचं वजन असंच वाढतं. ते कशासाठी वापरायचं, हे मात्र त्या माणसावरच असतं.