बालवीर चळवळीचे जनक

चार्टरहाऊस ही इंग्लंडमधील एक जुनी व नामांकित शाळा. शाळेलगतच्या झाडीत जाण्यास विद्यार्थ्यांना मनाई होती. तरीही एक मुलगा संधी मिळताच तेथे शिरत असे. सशाला सापळ्यात पकडावे, तो शिजवावा आणि धुरामुळे शिक्षकांना आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून अगदी लहानसा जाळ करावा, असा त्याचा उद्योग चाले. वर्गात फारशी चमक न दाखवणाऱ्या या मुलाचे नाव होते रॉबर्ट बेडन पॉवेल. पुढे जगभरातील मुलांना उघड्या माळावर शिक्षण देणारी बालवीर चळवळ, म्हणजेच स्काउट चळवळ, त्यांनीच सुरू केली.

रॉबर्ट यांचा जन्म लंडन येथे २२ फेब्रुवारी १८५७ रोजी झाला. वडील ऑक्सफर्ड विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. परंतु रॉबर्ट अवघे तीन वर्षांचे असताना त्यांचे निधन झाले. आई हेन्रिएटा ग्रेस यांनी मोठ्या जिद्दीने मुलांना वाढवले. वडिलांच्या विद्यापीठात शिकावे, अशी घरच्यांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात ऑक्सफर्डने रॉबर्ट यांना प्रवेश नाकारला. मग त्यांनी सैन्याची प्रवेशपरीक्षा दिली आणि तीत घोडदळासाठी दुसरा क्रमांक मिळवला. १८७६ मध्ये ते भारतात, लखनौ येथील पलटणीत दाखल झाले.

सैन्यात टेहळणीचे काम करणाऱ्यास इंग्रजीत ‘स्काउट’ म्हणतात. पायांच्या ठशांवरून वाट काढणे, ताऱ्यांवरून दिशा ओळखणे, तुटलेल्या फांदीचा किंवा विझलेल्या राखेचा अर्थ लावणे, ही त्या कामातील कौशल्ये. या विद्येची बेडन पॉवेल यांना विलक्षण गोडी होती. भारतात व आफ्रिकेत त्यांनी तिचा कसून अभ्यास केला. सैनिकांना ती शिकवताना त्यांनी एक नवी पद्धत अवलंबिली. ते लहान लहान तुकड्या करत आणि प्रत्येक तुकडीला स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेऊ देत. हुकमाची वाट पाहणारा सैनिक त्यांना नको होता. या अनुभवावर आधारित त्यांचे ‘एड्स टू स्काउटिंग’ हे सैनिकांसाठीचे पुस्तक १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत इंग्रज व बोअर यांच्यात युद्ध पेटले. मॅफेकिंग या लहानशा गावाला बोअर सैन्याने वेढा घातला. शत्रू संख्येने कितीतरी अधिक होता. तेव्हा बेडन पॉवेल यांनी युक्तीचा आश्रय घेतला. वाळूने भरलेल्या पेट्या गावाभोवती पुरून सुरुंग पेरल्याचा देखावा केला. जेथे काटेरी तारेचे कुंपणच नव्हते, तेथे सैनिकांना पाय उचलून तार ओलांडल्याचे नाटक करायला लावले! २१७ दिवस गाव टिकले. १७ मे १९०० रोजी वेढा उठला आणि बेडन पॉवेल इंग्लंडमध्ये घराघरांत पोहोचले.

या वेढ्यातील एका गोष्टीचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. गावातील मुलांचे एक पथक तयार करण्यात आले होते. ही मुले निरोप पोहोचवत, पहारा देत, रुग्णालयात मदत करत. आरंभी ती गाढवांवरून जात. अन्नटंचाईत गाढवे मारून खावी लागली, तेव्हा ती तोफगोळ्यांच्या माऱ्यातून सायकली हाकू लागली. विश्वासाने जबाबदारी सोपवली, तर मुले मोठ्यांच्या तोडीचे काम करतात, हे बेडन पॉवेल यांनी तेथे पाहिले. मात्र या पराक्रमाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. गावातील कृष्णवर्णीय रहिवाशांच्या वाट्याला गोऱ्यांपेक्षा फारच तुटपुंजे अन्न आले आणि त्यांतील अनेक जण उपासमारीने दगावले. त्या शिधावाटपाबद्दल बेडन पॉवेल यांना कितपत दोष द्यावा, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

मायदेशी परतल्यावर त्यांना एक नवल दिसले. सैनिकांसाठी लिहिलेले त्यांचे पुस्तक मुले व शिक्षक आवडीने वाचत होते. हीच विद्या युद्धाऐवजी मुलांच्या जडणघडणीसाठी वापरली तर? ही कल्पना पारखण्यासाठी ऑगस्ट १९०७ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले. मुलांची निवड त्यांनी हेतुपुरस्सर केली होती. काही मुले श्रीमंतांच्या शाळांतील होती, तर काही कामगारांच्या घरची. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही दोन्ही मुले एका पंक्तीला बसणे दुर्मीळ होते. लांडगा, बैल, कावळा आणि कुरव या प्राणिपक्ष्यांच्या नावाने चार संघ करण्यात आले. प्रत्येक संघाचा नायक मुलांपैकीच एक होता. आफ्रिकेतून आणलेले हरणाचे लांब शिंग फुंकून सकाळी सर्वांना उठवले जाई. दिवसभर तंबू, गाठी, माग काढणे, नौकानयन, प्रथमोपचार. आणि रात्री शेकोटीभोवती गोष्टी.

१९०८ च्या जानेवारीपासून त्यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पाक्षिक भागांत निघू लागले. मुलांनी कोणाच्या परवानगीची वाट न पाहता आपापले संघ उभे केले. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील मेळाव्यास हजारो मुले आली. त्यांत गणवेश घालून, आम्हीही स्काउट आहोत असे सांगणाऱ्या काही मुलीही होत्या! त्यांना परत पाठवणे शक्य नव्हते. १९१० मध्ये बेडन पॉवेल यांनी भगिनी ॲग्नेस यांच्या साहाय्याने मुलींसाठी गाइड संघटना स्थापन केली. मराठीत तिच्या सदस्यांना वीरबाला म्हणतात.

चळवळीच्या रूढींतही त्यांचा विचार दिसतो. वंदन करताना उभारलेली तीन बोटे प्रतिज्ञेच्या तीन भागांची आठवण देतात. हस्तांदोलन डाव्या हाताने करतात. गळ्यातील रुमाल प्रसंगी जखमेची पट्टी किंवा मोडक्या हाताची झोळी होतो. रोज निदान एक सत्कृत्य करावे आणि त्याचा मोबदला घेऊ नये, हा नियम तर सर्वांत साधा आणि सर्वांत कठीण.

सर्व स्काउट एकमेकांचे बंधू आहेत, असे चळवळीचा नियम सांगतो. भारतात मात्र या नियमाची कसोटी लागली. १९०९ मध्ये बंगळूर येथे पहिले पथक निघाले, परंतु त्याचे दार भारतीय मुलांना बंद होते. तेव्हा भारतीयांनी स्वतःच्या संघटना उभारल्या. १९१७ मध्ये ॲनी बेझंट व जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासमध्ये, तर १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेत हे कार्य हाती घेतले. १९२१ मध्ये बेडन पॉवेल भारतात आले आणि त्यानंतर अधिकृत चळवळीचे दार भारतीय मुलांना खुले झाले. तरीही साम्राज्याचा हा सेनानी आपल्या काळाच्या समजुतींतून पुरता सुटला नव्हता. १९३७ च्या भेटीनंतर भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी काढलेल्या अनुदार उद्गारांनी येथील लोक संतापले. अनेकांनी त्यांची संघटना सोडली, पण चळवळ सोडली नाही. १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट संघटना उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था जन्मास आली.

हे पाहण्यास बेडन पॉवेल हयात नव्हते. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी पत्नी ओलेव्ह यांच्यासह केनियातील न्येरी येथे काढली. ८ जानेवारी १९४१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. माग काढण्याच्या खेळात मुलांना त्यांनी अनेक खुणा शिकवल्या होत्या. त्यांतील शेवटची खूण म्हणजे एक वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी एक ठिपका. मी घरी गेलो आहे, असा तिचा अर्थ. न्येरीतील त्यांच्या समाधीच्या दगडावर तीच खूण कोरलेली आहे.