मिशांची आई : गिजुभाई बधेका

सौराष्ट्रातील चितळ गावी १८८५ साली जन्मलेले गिजुभाई बधेका व्यवसायाने वकील. १९१३ मध्ये पुत्रप्राप्ती झाली आणि या मुलाला शिकवावे कसे, या एका चिंतेने त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली. छडी आणि घोकंपट्टीच्या शाळेत त्याला घालण्यास मन धजेना. माँटेसरीबाईंचे विचार त्यांनी अभ्यासले, वकिली सोडून १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० मध्ये तेथे बालमंदिर उघडले. शिक्षा व बक्षीस दोन्ही तेथे वर्ज्य. मुलांनी आपली कामे आपल्या हातांनी करावीत, चुकावे, पुन्हा करावे. मोठ्यांनी मध्ये पडू नये, हाच परिपाठ. १९२३ मध्ये आपल्या ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. तेच व्रत पुढे त्यांनी बोर्डी-कोसबाडला नेले. लोक गिजुभाईंना कौतुकाने मिशांची आई म्हणत. आईबाप होणे किती अवघड, हे त्यांनी ग्रंथ लिहून पालकांनाही बजावले. १९३९ साली ते निवर्तले.

मुलाच्या बुटाची नाडी आपणच बांधून टाकण्याची आपली घाई ही माया नसून अधीरता आहे, एवढे जरी या चरित्रातून आपण घेतले, तरी पुष्कळ झाले.