महर्षी विठ्ठल रामजी शिंदे : धर्माचा अभ्यास आणि धर्माचे आचरण

थोर पुरुषांच्या तसबिरी आपण उत्सवप्रसंगी लावतो, त्यांस हार घालतो आणि ते आपल्या समाजात जन्मले ह्याचा अभिमान बाळगतो. परंतु त्यांनी कशाचा अभ्यास केला आणि त्या अभ्यासापायी कशावर पाणी सोडले, ह्याचा विचार क्वचितच होतो. वर्तकनगरातील समाजबांधवांपुढे ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने कै. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ह्यांचे चरित्र त्याच दृष्टीने ठेवीत आहो.

विठ्ठलरावांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात एका मराठा कुटुंबात झाला. वडील रामजीबाबा हे पंढरीचे वारकरी; आई यमुनाबाई सोशिक व प्रेमळ. घरी दारिद्र्य होते, परंतु दारी आलेल्याची जात विचारण्याची रीत नव्हती. पुढे मोठमोठ्या ग्रंथांतून जे तत्त्व विठ्ठलरावांनी पडताळून पाहिले, त्याचा पहिला पाठ त्यांना घराच्या उंबरठ्यावरच मिळाला होता.

१८९१ साली मॅट्रिक झाल्यावर ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात आले. गंगारामभाऊ म्हस्के ह्यांच्या पुढाकाराने मराठा विद्यार्थ्यांसाठी चाललेल्या शिक्षणसंस्थेची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनीही हात दिला. १८९८ साली ते बी. ए. झाले. वकिलीचा अभ्यास सुरू झाला होता. घरच्या माणसांचे डोळे त्या मिळकतीकडे लागले असतील, तर त्यात नवल ते काय? परंतु इंग्रजी तत्त्वज्ञांच्या वाचनाने जुनी श्रद्धा हलली होती आणि तिच्या जागी काय उभारावे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. प्रार्थनासमाजात त्यांना वाट दिसली आणि वकिली मागे पडली.

१९०१ साली युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माध्ययनासाठी गेले. प्रवासखर्चाचा भार सयाजीराव महाराजांनी उचलला. अमुक मत मानतो अशी शपथ घेतल्यावाचून विद्यार्थ्यास प्रवेश देणारे ते विद्यालय होते. धर्माचे तत्त्वज्ञान म्हणजे श्रद्धेस आधार कोणता, ईश्वर आणि जीव ह्यांचे नाते काय, पापपुण्याचा निवाडा कशाने करावा, ह्या प्रश्नांचा कोणत्याही एका पोथीस बांधून न घेता केलेला विचार. तौलनिक धर्माध्ययन म्हणजे निरनिराळ्या धर्मांची वाढ शेजारी शेजारी ठेवून पाहणे. पाली ग्रंथांचे जाणकार एस्टलिन कार्पेंटर हे तेथे अध्यापक होते. विठ्ठलरावांनी ह्या विषयांबरोबर बौद्ध धर्माचाही अभ्यास केला. १९०३ साली ॲमस्टरडॅम येथील उदार धर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचून ते त्याच वर्षी स्वदेशी परतले.

अनेक धर्म माणसाला ईश्वराचे लेकरू म्हणतात. मग त्यांतील कोट्यवधी लेकरांची सावलीही का चालू नये? ग्रंथालयात सुटलेला प्रश्न गावकुसाबाहेर तसाच उभा होता. मुंबई प्रार्थनासमाजाचे प्रचारक म्हणून फिरताना भिंगार येथे अस्पृश्य बांधवांची सभा त्यांनी पाहिली आणि आयुष्याचे काम ठरले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ भागात भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीची पहिली शाळा निघाली. भगिनी जनाक्का ह्यांनी त्या कामास वाहून घेतले. १९१० साली विठ्ठलरावांनी प्रचारकाची जागाही सोडली. पुण्यातील अहल्याश्रम त्यांच्याच श्रमांतून उभा राहिला. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव संमत झाला, त्यामागेही त्यांची खटपट होती.

आपणा समाजबांधवांस विशेष विचार करावयास लावणारा प्रसंग १९२० सालचा आहे. कायदेमंडळात मराठ्यांसाठी राखीव जागा ठेवण्यात आल्या होत्या. त्या वाटेने जाणे त्यांना सोपे होते. परंतु जातीच्या नावाने मिळणारी जागा त्यांना मान्य नव्हती. ते सर्वसाधारण जागेसाठी उभे राहिले आणि पराभूत झाले. स्वजनांतील अनेकांना हे रुचले नाही. तिकडे अस्पृश्यांच्या संस्थेचा कारभार स्पृश्यांनी का चालवावा, असे त्या समाजातील जागृत तरुण विचारू लागले. प्रश्न रास्त होता. १९२३ साली विठ्ठलराव संस्थेच्या चालकत्वातून दूर झाले. दोन्हीकडून एकाकी पडूनही त्यांनी काम टाकले नाही. १९३० च्या कायदेभंगात, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांनी येरवड्याचा कारावास सोसला.

त्यांचा अभ्यासही थांबला नव्हता. १९२७ साली ब्रह्मदेशात जाऊन तेथील बहिष्कृत वर्गांची त्यांनी माहिती मिळविली. १९३३ साली ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्डला शिकलेली तौलनिक पद्धती त्यात आपल्याच घराच्या दोषावर चालविलेली दिसते. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

समाजाच्या पैशावर शिकलेला हा विद्यार्थी समाजाचे ऋण कसे फेडता झाला? ज्यांच्याकडून परतफेडीची आशाच नव्हती, त्यांच्या दारी विद्या नेऊन. आपल्यासारख्या मंडळांनी हे मनावर घ्यावे. गुणवंत मुलांचा सत्कार आपण करतो, शिष्यवृत्तीसाठी वर्गणी देतो, ते योग्यच आहे. परंतु त्या मदतीने शिकलेल्या मुलाचे पाऊल ज्ञातीच्या कुंपणापाशीच अडावे, अशी इच्छा आपण धरू, तर विठ्ठलरावांच्या तसबिरीला हार घालण्याचा अधिकार आपणास उरणार नाही. वर्तकनगराहून परळ काही फार दूर नाही. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन तेथे जावे आणि ती पहिली शाळा कोणासाठी निघाली होती, हे त्यांना सांगावे.