राजनांदगावची वाट : रेव्हरंड ना. वा. टिळकांचा धर्मसंवाद

छत्तीसगडातील ख्रिस्ती धर्मप्रसाराचा इतिहास सामान्यतः रायपूरच्या उत्तरेकडील बिश्रामपूरपासून सांगितला जातो. ऑस्कर लोर यांनी तेथे १८६८ साली मिशनचे ठाणे वसविले आणि सतनामी समाजात कार्य आरंभिले. तो इतिहास वस्तीचा, शाळांचा नि उपासनामंदिरांचा आहे. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र रायपूरहून पश्चिमेस सुमारे सत्तर किलोमीटरवरील राजनांदगावाकडे वळावे लागते. नागपूरहून तिकडे जाणाऱ्या आगगाडीत दोन उतारूंचे संभाषण तेवढे झाले.

त्यांपैकी एक उतारू नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पुढे नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने प्राचीन ग्रंथांच्या संपादनाचे काम त्यांना लाभले. वृत्ती अस्थिर, नोकरी धरावी, सोडावी, घर सोडून निघून जावे, असा क्रम. जातिभेद व मूर्तिपूजा यांविषयी मन साशंक झालेले, आणि स्वतःच एखादा नवा धर्म स्थापावा इथपर्यंत विचार पोचलेला. अशा अवस्थेत ते बैरागी महंतांची सत्ता असलेल्या राजनांदगाव संस्थानात नोकरीस निघाले होते.

साल १८९३. डब्यातील गोरा सहप्रवासी पुढे अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याच्या नावाने ओळखला गेला. त्याने वाद घातला नाही. संस्कृत काव्याविषयी आस्थेने बोलला, टिळकांच्या श्रद्धेची चौकशी केली, आणि निरोप घेताना नव्या कराराची प्रत देऊन ती वाचण्याचे वचन घेतले. दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. टिळकांना ग्रंथ प्रथम रुचला नाही. पण दिलेला शब्द पाळायचा म्हणून पेन्सिलीने खुणा करीत त्यांनी वाचन चालू ठेवले. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर मात्र त्यांना पुढे जाववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही भारतीय धर्मोपदेशकाच्या हातून.

चरित्रकारांना हे भाकीत विशेष प्रिय आहे. प्रस्तुत लेखकाला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्या भेटीतील सभ्यपणा, कारण टिळकांच्या पुढील साऱ्या धर्मकार्यात तोच कायम राहिलेला दिसतो. अर्थात या निर्णयाची किंमत दुसऱ्याच कोणाला द्यावी लागली, हे विसरून चालणार नाही. बालवयात त्यांच्या घरी आलेल्या लक्ष्मीबाई या बातमीने उन्मळून पडल्या. सुमारे साडेचार-पाच वर्षे पतिपत्नी विलग राहिली. त्या नगरास आल्या तरी आपला स्वयंपाक, आपले सोवळे त्यांनी वेगळेच ठेविले. जगाला ख्रिस्त सांगण्यास निघालेल्या पुरुषाला आपल्या घरी मात्र वाट पाहावी लागली. लक्ष्मीबाईंचे मन बदलले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने आणि त्यांच्याच वेळी. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा सारा काळ 'स्मृतिचित्रे'त त्यांनी इतक्या निर्मळ विनोदाने सांगितला आहे की त्यातील यातना वाचकाच्या ध्यानात उशिरा येते.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने टिळकांनी अध्यापन केले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादनही पुढे त्यांच्याकडे आले. तोवर मराठी ख्रिस्ती उपासनेत परक्या चालींवर बसविलेली भाषांतरित गीते प्रचलित होती. टिळकांनी तेथे अभंग, भजन, कीर्तन आणले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, ही त्यांची धारणा होती. म्हणून पूर्वपरंपरा टाकून देण्याचा प्रश्नच त्यांच्यापुढे उद्भवला नाही. शेकडो गीते त्यांनी रचिली. ती आजही मराठी मंडळ्यांत गाइली जातात. धर्मप्रसार म्हणजे दुसऱ्याच्या भाषेवर आपली भाषा लादणे नव्हे, हे त्यांनी युक्तिवादाने नव्हे, चालींनी दाखविले. घरही असेच मोकळे होते. बालकवी ठोमरे त्यांच्याकडे पुत्रवत राहिले, ते ख्रिस्ती न होता.

परदेशी मिशनऱ्यांची पालकवृत्ती टिळकांना खुपे, आणि त्यांच्याच वेतनावर आपण जगतो ही जाणीव त्याहून अधिक. १९१७ साली त्यांनी वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. चर्चच्या शिस्तीस हे मानवणारे नव्हते, आणि धर्मांतराकडे संशयाने पाहणाऱ्या हिंदू समाजासही ते सहज पटणारे नव्हते. या प्रयोगाची कसोटी लागण्याइतका अवधीच मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला.

ख्रिस्तचरित्रावरील त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभीच्या अध्यायांपाशीच थांबले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी.