ट्रॅक्टर उलटून शेतकरी मरत होते, तेव्हा हॅरी फर्ग्युसननं नांगर तीन दांड्यांवर टांगला

रोटाव्हेटर असो, पलटी नांगर असो नाहीतर पेरणी यंत्र. ट्रॅक्टर मागं घ्यायचा, खालचे दोन आर्म पिना घालून अडकवायचे, वरती टॉप लिंक जोडायची आणि लिव्हर ओढला की अवजार अलगद वर उचललं जातं. गावाकडं याला लिफ्ट म्हणतात, कुणी नुसतंच हायड्रॉलिक म्हणतं. ट्रॅक्टर कुठल्याही कंपनीचा असो, मागची ही तीन दांड्यांची रचना ठरलेली.

ही रचना जगाला देणारा माणूस म्हणजे हॅरी फर्ग्युसन. गंमत म्हणजे या गड्याला शेतीचा मनापासून कंटाळा होता.

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा. गाव उत्तर आयर्लंडमधल्या ड्रोमोरजवळचं ग्रोवेल. अकरा भावंडांमधला हा चौथा. वडील शेतकरी, धार्मिक आणि कडक शिस्तीचे. पोरानं चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि शेतात राबायला लागला, पण त्यात त्याचा जीव रमेना. १९०२ मध्ये तो घर सोडून कॅनडाला निघायच्या बेतात होता. तेवढ्यात थोरल्या भावानं बेलफास्टमध्ये सायकल आणि मोटार दुरुस्तीचं दुकान टाकलं. हॅरी तिथं हाताखाली शिकायला लागला आणि कॅनडा राहून गेलं.

मशीनमध्ये त्याचं डोकं जबरदस्त चालायचं. मोटारसायकलच्या शर्यती झाल्या, मग विमानाचं वेड लागलं. ३१ डिसेंबर १९०९ ला हिल्सबरो इथं त्यानं स्वतः बनवलेलं विमान जमिनीपासून काही फूट वर, साधारण १३० यार्ड उडवलं. आयर्लंडमध्ये विमान उडवणारा तो पहिला माणूस ठरला. १९११ मध्ये त्यानं बेलफास्टला स्वतःचं गॅरेज काढलं. तिथं विली सँड्स नावाचा मेकॅनिक त्याच्यासोबत आला. पुढच्या बहुतेक शोधांमागं या सँड्सचेही हात होते.

मग पहिलं महायुद्ध सुरू झालं. ब्रिटनमध्ये अन्नाचा तुटवडा पडला आणि जास्तीत जास्त जमीन नांगराखाली आणायची वेळ आली. हॅरी तेव्हा अमेरिकन ट्रॅक्टर विकत होता. १९१७ मध्ये सरकारनं त्याच्यावर आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरांच्या कामावर देखरेख ठेवायची जबाबदारी टाकली. हॅरी आणि सँड्स शेतोशेत फिरले. तिथं जे दिसलं त्यानं हॅरीच्या आयुष्याची दिशा बदलली.

झालं असं होतं की, लोकांनी बैल किंवा घोडा काढून त्याच्या जागी ट्रॅक्टर जुंपला होता. नांगर साखळीनं नाहीतर दांड्यानं मागं ओढत न्यायचा. ओढायला पकड हवी म्हणून ट्रॅक्टर वजनदार बनवायचे, आणि त्या वजनानं जमीन दबायची.

याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. नांगराचा फाळ दगडात किंवा मुळात अडकला की मागची चाकं जागीच खिळायची. इंजिन मात्र जोर लावतच राहायचं. मग चाकं फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचा पुढचा भाग उचलला जायचा आणि अख्खा ट्रॅक्टर मागं उलटून चालकाच्या अंगावर यायचा. उडी मारायलाही वेळ मिळायचा नाही. हेन्री फोर्डचा स्वस्तातला फोर्डसन तर यासाठी बदनामच होता.

हॅरीनं ओळखलं की ट्रॅक्टर आणि नांगर या दोन वेगळ्या वस्तू ठेवल्या तर हे असंच होणार. दोन्ही मिळून एकच यंत्र झालं पाहिजे.

त्यानं नांगर तीन दांड्यांवर टांगला. खालच्या दोन दांड्या नांगर ओढतात. माती नांगराला खालून मागं खेचते, त्यामुळं नांगराचा वरचा भाग पुढं झुकू पाहतो आणि वरची दांडी ट्रॅक्टरला पुढं रेटते. म्हणजे ओढताना पुढची चाकं उचलण्याऐवजी खाली दाबली जातात. नांगराचा भारही मागच्या चाकांवर येतो, त्यामुळं हलक्या ट्रॅक्टरलाही चांगली पकड मिळते. नांगर अडकलाच, तर मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि ती जागच्या जागी फिरतात. ट्रॅक्टर उलटत नाही.

याला त्यानं हायड्रॉलिकची जोड दिली. वरच्या दांडीवर दाब वाढला की तेलाचा व्हॉल्व आपोआप हलतो आणि नांगर थोडा वर येतो. दाब कमी झाला की परत खाली जातो. आज ज्याला ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात ते हेच. या पद्धतीचं मूळ पेटंट १९२६ चं.

पण पेटंट मिळालं म्हणून कारखाना मिळत नाही. शेवटी हॅरीनं १९३३ मध्ये स्वतःचाच नमुना ट्रॅक्टर बनवला. रंग काळा, म्हणून नावही ब्लॅक ट्रॅक्टर. त्याचे गिअर इंग्लंडच्या डेव्हिड ब्राउन कंपनीनं दिले. ही कंपनी गिअर बनवण्यात मुरलेली. १९३६ पासून तिनंच फर्ग्युसन ट्रॅक्टरचं उत्पादन सुरू केलं. किंमत २२४ पाउंड. फोर्डसनपेक्षा महाग, त्यामुळं साधारण १३५० ट्रॅक्टरच बनले.

दोघांचं बिनसलं ते डिझाइनवरून. ब्राउनला जास्त ताकदीचा ट्रॅक्टर आणि तीनऐवजी चार गिअर हवे होते. हॅरी म्हणजे हट्टी कारभार. आपल्या डिझाइनला कुणी हात लावलेला त्याला चालायचा नाही. ब्राउननं पुढं आपला वेगळा ट्रॅक्टर काढला आणि हॅरीनं थेट अमेरिका गाठली.

ऑक्टोबर १९३८ मध्ये त्यानं डिअरबॉर्नला खुद्द हेन्री फोर्डसमोर आपला ट्रॅक्टर चालवून दाखवला. फोर्ड स्वतः शेतकऱ्याचा मुलगा, त्याला यातलं मर्म लगेच कळलं. ठरलं असं की फोर्डनं ट्रॅक्टर बनवायचे आणि फर्ग्युसननं विकायचे. हा एवढा मोठा व्यवहार फक्त हात मिळवून झाला. कागद नाही, सही नाही.

१९३९ मध्ये फोर्ड ९एन बाजारात आला. किंमत ५८५ डॉलर. १९४७ पर्यंत या जोडीचे तीन लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले.

पण हेन्री फोर्ड थकला आणि कंपनीची सूत्रं नातवाकडं, हेन्री फोर्ड दुसरा याच्याकडं गेली. ट्रॅक्टरच्या धंद्यात कंपनीला तोटा होत होता. नातवानं हा तोंडी करार मोडला आणि १९४७ मध्ये स्वतःचा ८एन ट्रॅक्टर आणला. त्यात चार गिअर होते आणि मागं लिफ्ट होती ती फर्ग्युसनच्याच पद्धतीची. ज्याच्या हातात हात दिला होता तो हेन्री फोर्ड त्याच वर्षी वारला. हॅरीच्या हातात कागदाचा चिटोराही नव्हता, होती ती फक्त पेटंटं.

जानेवारी १९४८ मध्ये त्यानं फोर्ड कंपनीवर २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा ठोकला. खटला चार वर्षं चालला. १९५२ मध्ये तडजोड झाली आणि फोर्डनं ९२ लाख ५० हजार डॉलर मोजले. मागितलेल्या रकमेपुढं हा आकडा छोटा, पण एवढ्या बलाढ्य कंपनीला शोधाची किंमत द्यावी लागली.

दरम्यान हॅरी थांबला नव्हता. १९४६ पासून इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीला त्याचा टीई २० हा छोटा, करड्या रंगाचा ट्रॅक्टर बनू लागला. यात मात्र चार गिअर होते. १९५६ पर्यंत असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर तयार झाले. जानेवारी १९५८ मध्ये एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोहोचला, तो पट्टे बसवलेले हेच ट्रॅक्टर घेऊन.

१९५३ मध्ये फर्ग्युसनची कंपनी कॅनडाच्या मॅसी हॅरिसमध्ये विलीन झाली. किमतीत दहा लाख डॉलरचा फरक उरला, तेव्हा हॅरीनं नाणं उडवून निकाल लावायला सांगितलं. नाणेफेक तो हरला. याच कंपनीचं नाव पुढं मॅसी फर्ग्युसन झालं. चेन्नईच्या टॅफेमुळं हे नाव भारतातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी बसलं.

शेवटची वर्षं त्यानं मोटारींच्या फोर व्हील ड्राइव्हवर घालवली. २५ ऑक्टोबर १९६० ला तो गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या संस्थेनं बनवलेली पी ९९ ही रेसिंग कार घेऊन स्टर्लिंग मॉसनं ऑल्टन पार्कची शर्यत जिंकली.

फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरमध्ये तेल अवजार उचलायचं आणि चाकं फिरवायचे गिअर. १९६७ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरनं चाकांचं कामही तेलाकडं दिलेला ट्रॅक्टर बाजारात आणला. याला हायड्रोस्टॅटिक म्हणतात. इंजिनवरचा पंप दाबाखाली तेल सोडतो, त्यावर मोटर फिरते आणि मोटरवर चाकं. पेडल दाबू तसा वेग मिळतो, मागं-पुढं करायला क्लच लागत नाही.

म्हणूनच आज छोटा ट्रॅक्टर घेताना गिअर की हायड्रोस्टॅटिक हा प्रश्न पडतो. लोडरनं माती भरणं, गवत कापणं, अडचणीच्या जागेत सारखं मागं-पुढं करणं अशी कामं जास्त असतील तर हायड्रोस्टॅटिक सोयीचा. पण तेलातून ताकद नेताना तिचा काही भाग उष्णतेत जातो आणि किंमतही जास्त पडते. नांगरणीसारखं तासन्‌तास ओढायचं काम असेल, तर गिअरचा ट्रॅक्टर तेवढ्याच डिझेलमध्ये जास्त काम देतो आणि दुरुस्तीलाही सोपा पडतो.

दोन्हींतला कुठलाही घेतला, तरी मागं अवजार अडकवायला त्याच तीन दांड्या असतात.